उतू गेलेले दूध आणि फ्रिजमधला चष्मा

या अंकासाठी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. प्रश्न दुधाचा असो, फोनचा असो की फुटलेल्या फुलदाणीचा, बहुतेकांनी पत्राच्या शेवटी ‘मग यात चूक कोणाची?’ असे विचारलेच आहे. न्यायनिवाडा करणे हे या सदराचे काम नव्हे, आणि घरातल्या बारीकसारीक अपघातांत त्या प्रश्नाच्या उत्तराचा फारसा उपयोगही होत नाही. झाले ते कसे झाले हे समजले, तर काय हलवायचे आणि काय बदलायचे हे कळते. कोणामुळे झाले हे समजले, तर संध्याकाळभर अबोला धरता येतो, एवढेच. म्हणून पुढील उत्तरांत कोणालाही दोषी ठरवलेले नाही. एका पत्राचा अपवाद मात्र करावा लागला आहे.

प्रश्न: आमच्या घरी दूध तापवण्याचे काम सासूबाई आणि मी आळीपाळीने करतो. मी शेजारी उभी असते तोवर दूध शांत असते आणि पाठ फिरली की लगेच उतू जाते. माझ्या पाळीला असे झाले तर माझे लक्ष नव्हते आणि सासूबाईंच्या पाळीला झाले तर गॅस मोठा होता, असा आमच्याकडचा हिशेब आहे. पाणी कितीही उकळले तरी असे उतू जात नाही, मग दूधच का जाते?

उत्तर: पाणी उकळते तेव्हा तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि वाफ निघून जाते. दुधात प्रथिने आणि स्निग्धांश असल्यामुळे हे इतके सरळपणे घडत नाही. दूध तापू लागले की पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते आणि तेथे प्रथिनांचा व स्निग्धांशाचा पापुद्रा धरतो, तीच साय. खालून येणाऱ्या वाफेला हा पापुद्रा अडवतो. शिवाय प्रत्येक बुडबुड्याभोवतीही प्रथिनांचे पातळ आवरण तयार होत असल्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक रचले जातात आणि फेस सायीला उचलून घेऊन काठापर्यंत येतो.

आपल्या तक्रारीचे मर्म वेळेच्या वाटणीत आहे. दूध तापायला बरीच मिनिटे लागतात आणि त्या काळात पाहण्यासारखे काहीही घडत नाही. फेस वर येण्याचा शेवटचा टप्पा मात्र काही सेकंदांत उरकतो. कोणत्याही माणसाचे लक्ष इतका वेळ काहीही न घडणाऱ्या गोष्टीवर टिकत नाही, आणि ते जेव्हा दुसरीकडे वळते तेव्हा नेमका तो शेवटचा टप्पा आलेला असतो. पाठ फिरवल्यामुळे दूध उतू जात नाही. पाठ फिरलेली असताना न गेलेले दूध कोणाच्या लक्षात राहत नाही, इतकेच. तेव्हा सासूबाईंचे आणि आपले, दोघींचेही लक्ष सर्वसाधारण माणसाइतकेच आहे.

उपाय भांड्याकडून सुरू करावा. दूध निम्म्यापेक्षा फार वर येणार नाही असे रुंद तोंडाचे भांडे घेतले, तर फेसाला वर चढायला जागा मिळते. भांड्यावर आडवा लाकडी चमचा ठेवण्याची जुनी युक्ती खरी आहे, कारण कोरड्या आणि तुलनेने थंड लाकडाला टेकलेले बुडबुडे फुटतात. मात्र चमचा तापून ओला झाला की त्याचा उपयोग संपतो, म्हणून त्याच्या भरवशावर बाहेर जाऊन येऊ नये. तळाशी ठेवायची काचेची किंवा स्टीलची चकती वाफेमुळे खडखडते आणि वेळेवर हाक मारते. सर्वांत निर्धास्त साधन म्हणजे दुहेरी भिंतीचा, शिट्टीचा दुधाचा कुकर. त्याच्या पोकळीतले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि दुधाचा उत्कलनबिंदू त्याहून किंचित वर असल्यामुळे आतले दूध उसळ्या मारण्यापर्यंत पोहोचतच नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगणे आवश्यक आहे. उतू गेलेल्या दुधाने बर्नरची ज्योत विझते आणि गॅस मात्र येतच राहतो. अशा वेळी ओटा पुसण्याआधी गॅसचे बटण बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि वास जाईपर्यंत दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबू नये. चालू असलेले बंदही करू नये.

प्रश्न: माझे वय ५८ आहे. आतल्या खोलीत जातो आणि कशासाठी आलो हेच आठवत नाही. गेल्या आठवड्यात तर चष्मा फ्रिजमध्ये सापडला आणि हातातली बाटली चष्म्याच्या जागी, टेबलावर होती. मुले हसतात, पत्नी काळजी करते. हे वयाचे लक्षण समजावे काय?

उत्तर: आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांची घडण वेगळी आहे.

खोलीत गेल्यावर हेतू विसरण्याबद्दल अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांना एक वस्तू घेऊन एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत जायचे होते. कधी त्याच खोलीत, तर कधी दार ओलांडून, आणि दोन्ही वेळचे अंतर सारखेच होते. दार ओलांडल्यावर हातातली वस्तू कोणती होती हे सांगताना अधिक चुका झाल्या. मन घटनांचे तुकडे पाडून साठवते आणि खोली बदलली की आधीचा तुकडा मिटवून नवा उघडते, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे विद्यार्थी तरुण होते, याकडे आपल्या मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसत्या दारामुळे फारसा फरक पडलेला दिसला नाही. डोक्यात त्याच वेळी आणखी एखादे काम चालू असेल तेव्हाच विसरण्याचे प्रमाण वाढले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते, की दाराइतकाच डोक्यात चाललेला दुसरा विचारही याला कारणीभूत असतो.

मूळ जागी परत गेले की आठवते, असे आपल्याला अनेकजण सांगतील. रॅडव्हान्स्की यांनी तेही तपासले होते आणि नुसते परत जाऊन स्मरण सुधारल्याचे त्यांना आढळले नाही. त्यापेक्षा निघतानाच ‘कात्री आणायला जातो आहे’ असे पुटपुटावे, किंवा ज्या कामासाठी निघालो त्याची एखादी खूण हातात घ्यावी. कात्री हवी असेल तर कापायचा कागद हातात असू द्यावा.

चष्म्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन १९७०च्या दशकात एकदा चहा करत असताना त्यांची मांजर खाण्यासाठी ओरडू लागली, आणि मांजराचे खाणे त्यांनी चहाच्या किटलीत टाकले. बशीत काहीतरी घालायचे आणि किटलीत काहीतरी घालायचे या दोन्ही क्रिया त्यांच्या हाताला इतक्या सवयीच्या होत्या, की त्यांची अदलाबदल झाली तरी हात थांबला नाही. या प्रसंगाने त्यांना मानवी चुकांच्या अभ्यासाकडे वळवले आणि पुढे विमानवाहतूक, अणुऊर्जा व रुग्णालये यांच्या सुरक्षिततेच्या विचारात त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. अशी अदलाबदल ओळखीच्या जागी, रोजच्या कामात आणि लक्ष दुसरीकडे ओढले गेलेले असताना होते. नवखा माणूस अशी चूक कमी करतो, कारण त्याला प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. आपला चष्मा फ्रिजमध्ये गेला, कारण फ्रिज उघडून हातातली वस्तू ठेवणे हे काम आपण डोळे मिटूनही करू शकता.

काळजी कधी करावी, हेही सांगून ठेवतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो याचाच गोंधळ होणे वेगळे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा क्रम न जमणे, थोड्या वेळात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे अशी लक्षणे घरच्यांना दिसू लागली, तर डॉक्टरांना भेटण्यात दिरंगाई करू नये. आपल्या पत्रात तसे काहीही दिसत नाही.

प्रश्न: माझा नातू विचारतो, की लोणी लावलेला पाव टेबलावरून पडला की नेहमी लोण्याच्या बाजूवरच का पडतो? त्याच्या आईचे मत आहे की तो मुद्दाम पाडतो.

उत्तर: नातवाचे निरीक्षण बरोबर आहे आणि आईचा आरोप निराधार आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ साली यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी त्यांना त्यासाठी विनोदी संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. पाव टेबलाच्या कडेवरून घसरताना गिरकी घेऊ लागतो. नेहमीच्या टेबलाची उंची पाऊण मीटरच्या आसपास असते आणि तेवढ्या उंचीवरून पडताना त्याला साधारण अर्धीच गिरकी घेता येते. टेबलावर असताना लोण्याची बाजू वर असते, म्हणून जमिनीवर ती खाली येते. लोण्याच्या वजनाचा यात जवळजवळ काही वाटा नाही. पूर्ण गिरकी व्हायची तर टेबल माणसाच्या उंचीपेक्षाही उंच करावे लागेल. त्यापेक्षा बशी कडेपासून आत सरकवणे सोपे आहे, आणि ते काम नातवाकडेच सोपवावे.

प्रश्न: माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. दिराने तो लगेच तांदळाच्या डब्यात ठेवायला लावला. फोन दोन दिवस चालला आणि मग बंद पडला. तांदूळ कमी पडला का?

उत्तर: तांदूळ कमी पडला नाही, त्याची गरजच नव्हती. फोनच्या आत, घट्ट बसवलेल्या भागांमध्ये अडकलेले पाणी बाहेर ठेवलेले धान्य ओढून घेऊ शकत नाही. उलट त्याची भुकटी आणि बारीक कण चार्जिंगच्या छिद्रात शिरतात. अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयफोनच्या सूचनांत तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नये असे याच कारणासाठी स्पष्ट लिहिले आहे.

फोनचे नुकसान नुसत्या पाण्याने होते त्याहून अधिक त्यात विरघळलेल्या क्षारांनी आणि विजेच्या प्रवाहाने होते. ओल्या भागांतून प्रवाह वाहिला की धातूचे जोड गंजू लागतात, आणि हे गंजणे आतल्या आत चालू राहते. दोन दिवस चाललेला फोन नंतर बंद पडतो तो बहुधा त्यामुळेच. म्हणून फोन बाहेर काढताच बंद करावा, ‘चालतो का पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करू नये आणि चार्जरला तर मुळीच लावू नये. सिमकार्डचा ट्रे काढून ठेवावा, चार्जिंगचे छिद्र खाली येईल असा धरून तळहातावर हलकेच आपटावा आणि पंख्याच्या साध्या वाऱ्यात एक दिवस राहू द्यावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊ नये. आतील डिंक आणि रबरी कडा सैल होतात.

फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचा शिक्का खोक्यावर होता, असेही आपण लिहिले आहे. आयपी ६७ या शिक्क्याचा अर्थ साध्या पाण्यात १ मीटर खोलीवर ३० मिनिटे, एवढाच आहे. साबणाचे पाणी त्यात गृहीत धरलेले नसते, आणि फोन जुना होतो तशा त्याच्या कडाही सैल पडतात. दिराला दोष देऊ नये. हा सल्ला त्यांना मिळाला तसा तो जगातल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी देत असतो.

प्रश्न: (एकाच पाकिटातून दोन पत्रे आली आहेत. पत्नी लिहिते की घरातली तीन चतुर्थांश कामे तिच्याकडे आहेत. पतीचे म्हणणे असे की निम्मी कामे तो करतो, पण ती मोजली जात नाहीत. दोघांनीही आम्हाला बेरीज तपासून मागितली आहे.)

उत्तर: बेरीज १२५ टक्के होते. ती शंभराच्या वर जाणे अपेक्षितच आहे.

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ३७ विवाहित जोडप्यांना घरातल्या २० गोष्टींची यादी दिली होती आणि प्रत्येक बाबतीत आपला वाटा किती, हे पती व पत्नी यांना वेगवेगळे विचारले होते. बहुसंख्य जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांहून अधिक भरली. येथवर वाचून कोणी म्हणेल, की माणसे स्वतःची बढाई मारतात. पण त्या यादीत भांडणाला कारण होण्यासारख्या गोष्टीही होत्या आणि त्यांतही लोकांनी स्वतःचा वाटा वाढवूनच सांगितला. म्हणजे हा प्रकार निव्वळ बढाईचा नाही. स्वतः केलेले काम माणसाला सविस्तर आठवते, कारण त्यात त्याचा वेळ गेलेला असतो, कंबर दुखलेली असते, मनातला दुसरा बेत बाजूला ठेवावा लागलेला असतो. दुसऱ्याने केलेल्या कामाचा फक्त परिणाम दिसतो, आणि तोही अनेकदा दिसत नाही, कारण रिकामी झालेली कचऱ्याची बादली ही काही लक्ष वेधून घेणारी वस्तू नव्हे.

आपल्या दोन पत्रांत मला जो खरा फरक दिसला तो टक्केवारीचा नाही. पतीने लिहिलेली कामे सर्वच्या सर्व ‘सांगितल्यावर केलेली’ आहेत: गळणारा नळ दुरुस्त करवून घेतला, मुलीला शाळेतून आणले, चादरी बदलल्या. पत्नीच्या पत्रात मात्र कामांच्या मधल्या जागा भरलेल्या आहेत. साबण संपत आला आहे हे पाहणे, मुलीचे बूट आखूड होत आहेत हे ओळखणे, पाहुणे येणार म्हणून कोणती खोली केव्हा मोकळी करायची हे दोन दिवस आधी ठरवणे, याला वेळेचे माप लावता येत नाही. चादर बदलायला १० मिनिटे लागतात. ती कधी बदलायची हे ध्यानात ठेवणे आठवडाभर चालते. माझ्या मते पत्नीचा आकडा थोडा फुगलेला असला तरी तिची तक्रार खरी आहे.

तेव्हा कामांची यादी करून भिंतीवर चिकटवू नये. पहिल्या महिन्यात तिचाच हिशेब भांडणाचा नवा विषय होतो. त्याऐवजी काही विषय मुळापासून शेवटपर्यंत वाटून घ्यावेत. मुलीचे कपडे आणि बूट हा विषय पतीकडे असेल, तर ते आखूड झाले हे पाहण्यापासून नवे आणण्यापर्यंत सर्व त्याच्याकडे, आणि त्यात पत्नीने आठवण करून द्यायची नाही. तिला हे कठीण जाईल. एकदोनदा मुलगी आखूड बुटांनी शाळेत जाईल, जाऊ द्यावी.

प्रश्न: स्वच्छतागृहातला डाग जाईना म्हणून मी टॉयलेट क्लीनरवर ब्लीच ओतले. वास इतका उग्र आला की खोकल्याची उबळ थांबेना. ब्लीच कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काढून ठेवलेले होते. पुन्हा करू का?

उत्तर: पुन्हा कधीही करू नये. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे लहान मूल किंवा वाकून फरशी घासणारे माणूस नेमके त्यात सापडते. व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळले तरी हेच होते आणि अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्राव मिसळला तर दुसरे विषारी वायू तयार होतात. असे घडल्यास धुण्यापुसण्याच्या नादी न लागता आधी बाहेर यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि खोकला किंवा धाप कमी होत नसेल तर त्वरित रुग्णालय गाठावे. दोन द्रव एकत्र केल्याने सफाई दुप्पट होत नाही.

आता अपवाद. ब्लीच पेयाच्या बाटलीत कोणी भरले हे घरात जरूर विचारावे, आणि ज्याने भरले त्यानेच ती बाटली आज काढून टाकावी. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचत नाही.

प्रश्न: एकात एक ठेवलेले काचेचे दोन पेले अडकून बसले आहेत. ओढून निघत नाहीत.

उत्तर: ओढू नये. आतल्या पेल्यात थंड पाणी भरावे आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात उभा धरावा. बाहेरची काच किंचित प्रसरण पावते, आतली किंचित आकसते आणि पेले सुटतात. पाणी उकळते नको, काच तडकेल. स्टीलच्या पेल्यांनाही हीच रीत लागू पडते.

प्रश्न: कुकरचे झाकण उघडताना वाफेने मनगट भाजले. आईने टूथपेस्ट लावली, शेजारच्या काकूंनी बर्फ आणला. कोणाचे ऐकायला हवे होते?

उत्तर: दोघींचेही नाही. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे, गार पाणी २० मिनिटे वाहू द्यावे. वीस मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. घड्याळ पाहून मोजावा. हे लगेच जमले नाही तरी भाजल्यापासून ३ तासांच्या आत केले तरी उपयोग होतो. बर्फामुळे आधीच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि इजा वाढू शकते. टूथपेस्ट, तेल, शाई यांपैकी काहीही लावले तर उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम पाहण्याआधी ते खरवडून काढावे लागते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी उतरवावे आणि पाण्यानंतर जागा स्वच्छ कापडाने सैलसर झाकावी. भाजलेली जागा रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर, हातापायांच्या पंजांवर किंवा सांध्यावर असेल, अथवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

वाफेने उकळत्या पाण्याइतकेच भाजते असे समजण्याची चूक सर्रास होते. १ ग्रॅम वाफ त्वचेवर टेकून तिचे पाणी होते तेव्हाच सुमारे २,२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेच उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना देते त्याच्या ही आठपटींहून अधिक आहे. म्हणून कुकरमधला दाब पूर्ण उतरल्यावरच, झाकण आपल्यापासून दूर, पलीकडच्या बाजूने वर उचलावे, म्हणजे ते ढालीसारखे मध्ये राहते.

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलाने काचेची फुलदाणी फोडली आणि तुकडे कपाटामागे लपवले. दुसऱ्या दिवशी माझ्या पायात काच गेली तेव्हा कळले. फुलदाणीचे काही वाटत नाही, लपवल्याचे वाटते. शिक्षा करावी का?

उत्तर: सात वर्षांच्या मुलाने तुकडे लपवले याचा अर्थ काच फुटल्यावर या घरात काय होते याचा त्याने आधीच अंदाज बांधलेला होता. तो अंदाज त्याने कदाचित दुसऱ्याच कोणाला ओरडा बसताना पाहून बांधला असेल. आता लपवण्याबद्दल शिक्षा केली, तर पुढच्या वेळी तो अधिक चांगली जागा शोधेल.

काही फुटल्याचा आवाज आला की घरातून पहिला प्रश्न ‘कोणाला लागले का?’ हाच गेला पाहिजे, आणि तो मोठ्या माणसाच्या हातून फुटले तरी गेला पाहिजे. ‘काय फोडलेस?’ हा प्रश्न मुलाला उत्तर द्यायला लावतो. ‘जागचा हलू नकोस, मी चप्पल घालून येते’ हे वाक्य त्याला मदत येत असल्याचे सांगते. आपल्या पायात काच गेली होती हे त्याला जरूर दाखवावे, पण ते धाक घालण्यासाठी नव्हे. लपवलेली काच नाहीशी होत नाही, ती घरातल्याच कोणाला तरी सापडते, हे त्याला त्या जखमेवरून आपोआप समजेल.

आणि पुढच्या वेळी काच उचलण्याच्या कामात त्याला सोबत घ्यावे, मात्र तुकड्यांना हात लावू देऊ नये. खोलीतला दिवा मालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की डोळ्यांना न दिसणारे कणही चमकतात. टॉर्च धरण्याचे काम सात वर्षांचे मूल उत्तम करते. मोठे तुकडे जाड हातमोजे घालून उचलावेत, बारीक कण ओल्या कागदाने टिपावेत आणि तो कागदही टाकून द्यावा, पुसण्याचे कापड वापरू नये, कारण त्यात राहिलेला कण पुढच्या वेळी हातात शिरतो. कण वाटते त्यापेक्षा फार लांब उडतात, म्हणून शेजारची खोलीही पाहावी. सर्व तुकडे जाड कागदात गुंडाळून खोक्यात बंद करावेत आणि त्यावर ‘आत काच आहे’ असे ठळक लिहावे, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाचा हात कापणार नाही. ही अक्षरे मुलाकडूनच लिहून घ्यावीत.